संत्र्याच्या सालीनं बिअर बिघडते ती नेमकी कशानं?

तुमची हकीकत आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला ती नीट कळली की नाही हे तुम्हालाही पाहता येईल. इंग्लंडमधल्या लीड्सच्या घरी तुम्ही २० लिटर बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर केलीत. सहा नेव्हल संत्री आणि दोन मोठे पिवळे लेमन यांची साल बटाटे सोलायच्या सोलाण्यानं काढलीत, ती व्होडकात दोन आठवडे भिजवलीत, आणि फर्मेंटेशन (बिअर आंबणं) संपल्यावर साल-व्होडका सगळंच प्लास्टिकच्या बादलीत ओतलंत. पाच दिवसांनी बाटल्या भरल्या. दहाव्या दिवशी उघडलेली पहिली बाटली छान सुगंधी होती, पण घोट गिळल्यावर घशाशी कडू लागली आणि फेस अर्ध्या मिनिटात विरला. आता सहा आठवडे झालेत आणि तिला आधी भांड्याच्या लिंबू-साबणासारखा, मग फरशी पुसायच्या द्रवासारखा वास येतोय. साल वाईट निघाली, जंतू शिरले, की रेसिपीच चुकली, असा तुमचा प्रश्न आहे. शिवाय तीस बाटल्या शिल्लक आहेत.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहतो. घरी बिअर करायला लागून अकरा वर्षं झाली आणि त्यातल्या बऱ्याच बॅच गव्हाच्याच आहेत, कारण हा प्रकार मला मनापासून आवडतो. त्यामुळे तुमची बाटली न चाखताही काही गोष्टी बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतील, आणि काही गोष्टी तुम्हालाच तपासून पाहाव्या लागतील. महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य: तिकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा खालचं सगळं जिथे हे कायदेशीर आहे तिथल्यांसाठी.

माझं मत असं की तुमच्या बिअरमध्ये एक नाही, तीन वेगवेगळे दोष आहेत. तिन्ही सालीतूनच आलेत, पण सालीच्या वेगवेगळ्या भागांतून आणि वेगवेगळ्या वेळी. ‘साल घातली आणि बिघडली’ एवढ्यावर थांबलात तर पुढच्या वेळी तुम्ही साल कमी कराल, ती मात्र तशाच सोलाण्यानं काढाल, आणि कडूपणा थोडा कमी होऊन पुन्हा येईल. म्हणून कुणी सालीची बिघडलेली बिअर माझ्यापुढे ठेवली की मी दोनच गोष्टी विचारतो. त्रास नाकात आहे की जिभेवर? आणि तो पहिल्या दिवसापासून आहे की नंतर आला? या दोन उत्तरांवर बहुतेक वेळा गुन्हेगार सापडतो.

कडूपणापासून सुरुवात करतो, कारण तो तुमच्याकडे जिभेवर आहे आणि पहिल्या बाटलीपासून आहे.

संत्र्याच्या सालीचे दोन थर असतात. वरचा रंगीत थर पातळ असतो आणि त्यात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल डोळ्यांजवळ दुमडली की चुरचुरतं ते हेच तेल. त्याखालचा पांढरा, मऊ, कापसासारखा थर म्हणजे दुसरा. सुगंध जवळपास सगळा वरच्या थरात आणि कडूपणाचा मोठा साठा पांढऱ्यात. ग्रेपफ्रूटच्या पांढऱ्या भागात नारिंजिन असतं, ते जिभेला लगेच कडू लागतं. संत्र्यात प्रश्न लिमोनिनचा असतो आणि त्याची चाल वेगळी आहे. ताज्या फळात ते कडू रूपात नसतंच. तिथे त्याचं बिनकडू पूर्वरूप असतं. फळ कापलं, पेशी फुटल्या आणि आंबट रसाशी गाठ पडली की काही तासांत त्याचं लिमोनिन होतं. आपल्याकडे प्रत्येकाच्या आईनं सांगितलेलं असतं की मोसंबीचा रस काढला की लगेच प्या, ठेवलात की कडू होतो. तेच हे. लिटरभर रसात साधारण ६ मिलिग्रॅम लिमोनिन असलं तरी बऱ्याच लोकांना कडू लागतं, यावरून त्याची धार लक्षात यावी.

यात नेव्हल संत्र्याचा भाग मोठा आहे. रसाच्या कारखान्यांना नेव्हल नको असतो तो याच कारणानं, त्याचा रस ठेवला की कडवट होतो. व्हॅलेन्सिया ही संत्र्याची दुसरी जात त्या मानानं खूप सौम्य. युरोपात हिवाळ्यात बाजारात येणारी मोठी, सोलायला सोपी, बिनबियांची संत्री बहुतेक नेव्हलच असतात. म्हणजे तुम्ही फळ वाईट घेतलं नाहीत, खायला तेच उत्तम आहे. पण त्याचा पांढरा भाग तुम्ही दोन आठवडे अल्कोहोलमध्ये ठेवलात, आणि मग तीच साल ४ च्या आसपास पीएच असलेल्या, म्हणजे आंबट, बिअरमध्ये आणखी पाच दिवस राहिली. कडूपणा उतरायला याहून सोयीची परिस्थिती नाही. सोलाण्यानं कितीही हलक्या हातानं काढली तरी सालीच्या पाठीला पांढरा थर चिकटून येतोच. साल उलटी करून पाहा: पाठ केशरी आणि ठिपकेदार दिसली तर ठीक, दुधासारखी पांढरी दिसली तर चाकूनं खरवडून काढायला हवी होती.

मी हे एकदा मुद्दाम करून पाहिलं. २० लिटरची एकच बॅच पाच-पाच लिटरच्या चार काचेच्या बरण्यांत विभागली. एकीत बारीक किसणीनं काढलेली फक्त केशरी साल, दुसरीत तेवढ्याच वजनाची सोलाण्याची जाड साल, तिसरीत त्याच किसलेल्या सालीचा व्होडकातला अर्क, आणि चौथीत नुसता पांढरा भाग. चौथ्या बरणीला वास असा नव्हताच, पण घोट घेतल्यावर मिनिटभर पॅरासिटामॉलची गोळी जिभेवर विरघळल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या बरणीतली बिअर पहिल्या आठवड्यात पहिलीइतकीच चांगली होती, तिसऱ्या आठवड्यात ती मागे पडली. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं. ओतल्या दिवशी चाखून ‘ठीक आहे’ म्हणणं पुरेसं नसतं.

बिअर न वापरताही हे पाहता येतं. एका संत्र्याची केशरी साल किसून घ्या आणि मग उघडा पडलेला पांढरा भाग सोलून वेगळा ठेवा. दोन कपांत गरम पाणी घेऊन दोन्ही वेगवेगळे दहा मिनिटं बुडवा, गाळा, चाखा, आणि झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. दहा मिनिटांच्या या खटाटोपानंतर तुम्ही पुन्हा कधी सोलाणं हातात घेणार नाही.

आता साबण. हा दोष नाकातला आहे आणि तुमच्याकडे लवकर आला. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन नव्हे, लिमोनीन असतं. नावं सारखी असली तरी ही दोन निराळी द्रव्यं आहेत, एक कडू आणि बिनवासाचं, दुसरं वासाचं. उरलेल्या थोड्या भागात ऑक्टॅनल आणि डेकॅनल अशी अल्डिहाइडं असतात. खरं तर संत्र्याला संत्र्यासारखा वास त्यांच्यामुळेच येतो. पण मात्रा वाढली की हीच मेणचट, साबणासारखी होतात. कोथिंबिरीचा वास काही लोकांना साबणासारखा येतो, त्यामागेही याच घराण्यातली अल्डिहाइडं आहेत. शिवाय साबण आणि फरशीचे द्रव बनवणारे लिमोनीन आणि लिंबाचे सुगंध वापरतात, त्यामुळे मात्रा ओलांडली की आपल्या मेंदूला आधी मोरी आठवते, फळ नंतर.

मात्रा किती ओलांडली ते पाहू. मध्यम संत्र्याची केशरी साल बारीक किसणीनं काढली तर साधारण ५ ग्रॅम निघते. सोलाण्यानं काढलेली साल एका संत्र्यामागे सहज १५ ग्रॅम भरते, जास्तच. तुमची सहा संत्री आणि दोन लेमन मिळून मी शंभर ग्रॅमच्या वर धरतो. २० लिटरला मी २० ते २५ ग्रॅम किसलेली संत्र्याची साल घालतो, तीही उकळीच्या शेवटी, जिथे वाफेबरोबर आणि नंतर फर्मेंटेशनच्या कार्बन डायऑक्साइडबरोबर बराचसा वास उडून जातो. तुम्ही चौपट-पाचपट साल फर्मेंटेशन संपल्यावर घातलीत, म्हणजे उडून जायला वाटच राहिली नाही. रेसिपीत ‘सहा संत्र्यांची साल’ असं लिहिलेलं असेल तर दोष त्या लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. साल नगांवर मोजायची वस्तू नाही. तराजूवर मोजायची आहे.

फेसाचं कोडंही इथेच सुटतं. फेस टिकतो तो धान्यातल्या प्रथिनांनी आणि हॉप्सच्या (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांच्या) कडू द्रव्यांनी बुडबुड्याभोवती विणलेल्या पातळ पडद्यामुळे. तेल त्या पडद्यात घुसलं की तो फाटतो. गव्हाच्या बिअरचा फेस खरं तर जाड, दह्याच्या सायीसारखा असतो. तो अर्ध्या मिनिटात गेला, तर ग्लासाला साबण राहिलेला नाही याची खात्री केल्यावर माझी पहिली शंका सालीच्या तेलावर आणि फळावरच्या मेणावर जाईल.

मेणाबद्दल थोडं. दुकानातल्या संत्र्या-लिंबांवर चमक यावी आणि ती सुकू नयेत म्हणून कार्नोबा, शेलॅक किंवा पॉलिएथिलीनचं मेण चढवतात, आणि बुरशी लागू नये म्हणून इमाझालिलसारखी औषधं वापरतात. जाळीवरची चिठ्ठी वाचा, लिहिलेलं असतं. तुमच्याकडे इंग्लंडमध्ये ‘अनवॅक्स्ड’ लेमन सरसकट मिळतात. संत्री मिळायला थोडी शोधाशोध करावी लागते. मिळाली नाहीत तर कडक गरम पाण्याखाली भाजी घासायच्या ब्रशनं घासून, फडक्यानं पुसून घ्या. मेण बरंचसं जातं. औषध सगळं जातं असं मी म्हणणार नाही, म्हणून सालीसाठी मी प्रक्रिया न केलेलंच फळ घेतो, चार पैसे जास्त पडले तरी.

तिसरा दोष फरशीच्या द्रवाचा आणि तो उशिरा आला. उशिरा आलेला दोष म्हणजे बाटलीत काहीतरी घडलं, घालताना नव्हे. लिमोनीनला हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचं कार्व्होन, कार्व्हिऑल असं काही काही होत जातं आणि ताज्या फळाचा वास शिळा, औषधी होतो. ऑक्सिजन नसला तरी आंबटपणा आपलं काम करतो: लिमोनीन आणि लिनॅलूल यांचं हळूहळू अल्फा-टर्पिनिऑल होतं. फार दिवस ठेवलेल्या डब्यातल्या संत्रारसाला जो कुबट, देवदारासारखा वास येतो, त्यात याचा वाटा असतो. आणि लेमनचं दुखणं निराळंच. लेमनचा वास सिट्रालमुळे येतो आणि सिट्राल आंबट द्रवात टिकत नाही. ते मोडताना इतर गोष्टींबरोबर पी-क्रेसॉलही तयार होतं, ज्याचा वास दवाखान्याच्या फिनाइलच्या वळणावर जातो. म्हणून ताज्या लेमनच्या सालीची बिअर दोन आठवडे अप्रतिम असते आणि दोन महिन्यांनी ओळखू येत नाही. तुमच्या दोन लेमनांनी सहा संत्र्यांपेक्षा जास्त नुकसान केलं असणं शक्य आहे.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. बाटल्या भरताना तुम्ही बिअर नळीनं तळाशी सोडलीत की वरून धार धरलीत? भरलेल्या बाटल्या सहा आठवडे कुठे होत्या? हीटरशेजारच्या कपाटात २४ अंशांवर असतील तर तिथला आठवडा माझ्या थंड तळघरातल्या दोन-तीन आठवड्यांइतका धरायला हरकत नाही. काच तपकिरी होती का? हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड लागला की हॉप्सचा एक वेगळाच, उग्र, स्कंक नावाच्या प्राण्याच्या घाणीसारखा वास येतो. तो सालीच्या माथी मारू नका. ही उत्तरं मला माहीत नाहीत, पण पहिल्या दोनपैकी एक जरी ‘हो, चुकलं’ असेल तर तिसऱ्या दोषाचा खुलासा तिथेच होतो.

जंतूंचं तुम्ही विचारलंत. शक्यता कमी वाटते. साल दोन आठवडे ४० टक्के अल्कोहोलमध्ये होती, बिअरमध्ये हॉप्स आहेत, आंबटपणा आहे आणि अल्कोहोल आहे. संसर्ग झालेली बिअर सहसा आंबट होत जाते, किंवा तिचा गोडवा संपून ती पातळ लागते, बाटलीच्या मानेत कडं दिसतं, उघडताना उसळते. एका बाटलीतला गॅस हलवून पूर्ण काढा आणि हायड्रोमीटरनं (द्रवाची घनता मोजायच्या उपकरणानं) पाहा. बाटली भरताना १.०१० होतं आणि आजही तेवढंच असेल, तर जंतूंचा विषय मिटला.

दोन-तीन बाजूचे संशयित मात्र सोडू नका, कारण संत्र्याच्या सालीच्या नावावर इतरांची पापं खपतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन फिनॉलशी जुळलं की बँडेजपट्टीसारखा, दवाखान्यासारखा वास येतो आणि त्याला अगदी नगण्य मात्रा पुरते. ब्रू करायच्या आधी पाण्यात कॅम्पडेनची (सल्फाइटची) पाव-अर्धी गोळी चुरून टाकली की प्रश्न संपतो; मी प्रत्येक वेळी टाकतो. या बिअरचं यीस्ट स्वतः लवंगेसारखा वास देतं, ते तिचं वैशिष्ट्यच आहे, पण लवंग आणि संत्रं दोन्ही जास्त झालं की नाकाला ते दंतमंजनासारखं वाटतं. बिअर जुन्या यीस्टच्या थरावर फार दिवस पडून राहिली तर मेदाम्लांमुळेही साबणाची चव येते. तुमच्या मुदतीत तसं व्हायला नको.

आणि धणे. तुम्ही धण्यांचा उल्लेख केला नाहीत, पण या प्रकारच्या बिअरमध्ये ते असतात, म्हणून सांगतो. जुने, वास उडालेले धणे घातले की बिअरला उकडलेल्या मांसासारखा किंवा शिजवलेल्या भाजीसारखा वास येतो. आपल्याला इथे सोय आहे. देशी दुकानात मिळणारे लांबट, फिकट धणे युरोपातल्या लहान गोल धण्यांपेक्षा गोडसर आणि लिंबाच्या वळणाचे असतात, आणि पुष्कळ ब्रूअर मुद्दाम तेच शोधतात. चोळून वास घ्या, ताजा आला तरच वापरा. भाजू मात्र नका, भाजले की आमटीकडे झुकतात. खलबत्त्यात दोन ठोके देऊन फक्त फोडायचे, पूड करायची नाही.

आता रेसिपी चुकीची का, यावर. ही बिअर ज्या गावाच्या नावानं ओळखली जाते ते बेल्जियममधलं हूखार्डन माझ्या घरापासून गाडीनं दीड तासाच्या आत आहे. तिथली शेवटची जुनी ब्रूअरी, तोमसिन, १९५७ मध्ये बंद पडली आणि गावातून हा प्रकारच नाहीसा झाला. शेजारीच वाढलेल्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं, जो लहानपणी तिथे हाताखाली काम करायचा, १९६६ मध्ये तो पुन्हा सुरू केला. पुढे आग लागली, ब्रूअरी मोठ्या कंपनीकडे गेली, आणि सेलिस अमेरिकेत ऑस्टिनला जाऊन १९९२ पासून तिथे तीच बिअर करू लागला. आपल्याला महत्त्वाचं हे की त्या परंपरेतली साल ताजी गोड नव्हती. कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटाची वाळवलेली कडू साल होती, आणि ती धण्यांबरोबर उकळीत पडायची. स्पॅनिश लोकांनी त्या बेटावर लावलेल्या संत्र्यांपासून झालेलं ते फळ खाण्यालायक नाही, पण वाळलेल्या सालीला वास आहे. डचांच्या व्यापारातून ती इकडे सहज मिळायची. अशा बिअरमध्ये ‘संत्रं’ ओळखू येत नाही. काहीतरी मसालेदार, कोरडं, टवटवीत आहे एवढंच जाणवतं. ताज्या गोड संत्र्याचा ठळक वास ही नंतरची, मुख्यतः अमेरिकेतली आवड. १९९५ मध्ये आलेल्या ब्लू मून या अमेरिकी बिअरनं व्हॅलेन्सियाची साल वापरून ती सगळीकडे नेली. तुम्हाला यातलं कोणतं हवंय ते आधी ठरवा. दोन्ही चांगले आहेत, पण दोन्हींची साल, वेळ आणि मात्रा वेगळी, आणि अनेक रेसिपींत या दोन्हींची सरमिसळ झालेली असते.

मी काय करतो ते सांगतो. साधारण निम्मं पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेलं फिकट बार्ली), थोडा कमी-निम्मा माल्ट न केलेला गहू, मूठभर ओट्स. मूळ गुरुत्व (आंबायच्या आधीची घनता) १.०४८ च्या आसपास. हॉप्सचा कडूपणा १२ ते १५ आयबीयू (बिअरच्या कडूपणाचं माप), त्याहून जास्त नाही, कारण साल स्वतः थोडा कडूपणा आणतेच आणि दोन कडूपणांची बेरीज जिभेला खरखरीत लागते. उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत १५ ग्रॅम फोडलेले धणे. आच बंद केल्यावर व्हॅलेन्सिया मिळाली तर तिची, नाहीतर मँडरिनची २० ते २५ ग्रॅम किसलेली साल मलमलच्या पिशवीत बांधून दहा मिनिटं बुडवतो आणि पिशवी बाहेर काढतो. वर्टबरोबर (आंबायच्या आधीच्या गोड काढ्याबरोबर) फर्मेंटरमध्ये जाऊ देत नाही. किसताना एका जागी किसणी एकदाच फिरवायची. दुसऱ्यांदा फिरवली की पांढरं येतं. वाळलेली कडू साल वापरायची असेल तर १० ते १५ ग्रॅम, आणि तिला दहा मिनिटं उकळ चालते.

नागपुरी संत्र्याचं कुणी विचारेल म्हणून लिहितो. ते मँडरिनच्याच जातीतलं, सैल सालीचं, पांढरा भाग अगदी पातळ. कडूपणाच्या दृष्टीनं ते नेव्हलपेक्षा कितीतरी सोपं. पण साल सैल असल्यानं किसणीखाली सरकते, तेव्हा फळ सोलायच्या आधी थंड करून किसावं. आपल्या कागदी लिंबाच्या सालीपासून मात्र दूर राहा. आपलं लिंबू म्हणजे इथलं लाईम, लेमन नव्हे, आणि फरशीच्या वासापर्यंत त्याच्याइतकं लवकर कुणी पोचत नाही.

इतकं करूनही वास कमी वाटला तर व्होडकाचा अर्क चांगलाच उपाय आहे. तुमची कल्पना चुकीची नव्हती, फक्त वेळ आणि माप चुकलं. २५ ग्रॅम किसलेली केशरी साल १०० मिली व्होडकात तीन-चार दिवस, बस्स. मग साल गाळून टाकायची. अर्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला की मेण आणि थोडं तेल वर जमतं. थंड असतानाच ओल्या कॉफी फिल्टरमधून गाळून घ्यायचा, फेस वाचतो. बाटल्या भरायच्या दिवशी चार ग्लासांत १०० मिली बिअर घ्या. एक तसाच ठेवा, बाकी तिघांत बिनसुईच्या १ मिलीच्या सिरिंजनं ०.१, ०.२ आणि ०.४ मिली अर्क टाका. समजा ०.२ आवडला, तर २० लिटरला ४० मिली होतो. पण त्या वेळी बिअरमध्ये गॅस नसतो, आणि गॅस भरल्यावर वास वर उठतो, म्हणून मी ३० मिलीवर थांबतो. कमी पडलं तर पुढच्या वेळी वाढवता येतं. जास्त पडलेलं परत काढता येत नाही.

तुमच्या बादलीचंही पाहा. प्लास्टिक लिमोनीन पिऊन घेतं. धुतल्यावरही झाकणाच्या रबराला, नळीला आणि तोटीला संत्र्याचा वास येत असेल तर रबर आणि नळी बदला. नाहीतर पुढची साधी लागरसुद्धा संत्र्याची होईल आणि तुम्ही पुन्हा जंतू शोधत बसाल.

राहिल्या तीस बाटल्या. ओतून देऊ नका, पण त्या सुधारतील या आशेवर उबेत ठेवूही नका. घशातला कडूपणा आहे तेवढाच राहील, त्यावर उपाय नाही. साबणाचा वास काही अंशी कमी होऊ शकतो, कारण बाटलीच्या झाकणाच्या आतलं अस्तरही थोडं तेल शोषून घेतं. फिनाइलकडे झुकलेला वास मात्र दिवसागणिक वाढेल, आणि तो फक्त थंडीनं मंदावतो. म्हणून आज सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये किंवा घरातल्या सर्वांत थंड जागी हलवा. बाटल्या उघडून काही मिसळून पुन्हा बंद करण्याचा मोह टाळा, त्यात हवाच जाईल. पिताना ग्लासात अर्धी ही आणि अर्धी साधी, सौम्य गव्हाची बिअर घ्या. मी माझ्या बिघडलेल्या दोन बॅच अशाच संपवल्या आणि पाहुण्यांनी आवडीनं प्यायल्या. दोन बाटल्या तेवढ्या बाजूला काढून त्यांवर तारीख लिहून ठेवा. नवीन बॅच तयार झाली की एक जुनी, एक नवी शेजारी ठेवून चाखा, आणि त्या दिवशी घशात काय लागलं आणि नाकाला काय जाणवलं, ते दोन वेगळ्या रकान्यांत लिहून मला पाठवा.